वळिवड्याची वसाहत

शिवाजी पेठेत लग्न ठरले म्हणजे बस्ता बांधण्यासाठी गांधीनगरची वाट धरावयाची, हा रिवाज आता इतका अंगवळणी पडला आहे की ज्या गल्ल्यांतून आपण शालूंचा भाव करीत हिंडतो, तेथे एके काळी पोलिश भाषेत शाळा भरत, प्रार्थना होत आणि शेजारणींची भांडणेही होत, याची आठवण होण्याचे कारणच उरलेले नाही. परकी भाषा नांदलेले आपल्याकडील एखादे गाव शोधा, असे संपादकांनी फर्मावले, तेव्हा प्रथम रेवदंड्याच्या खाडीपलीकडचे कोर्लई सुचले. पोर्तुगीजांचा अंमल १७४० साली उठला, तरी त्यांच्या भाषेतून उपजलेली बोली तेथील ख्रिस्ती घरांत आजही बोलली जाते. परंतु टिकलेल्या भाषेपेक्षा निघून गेलेल्या भाषेचे मला अधिक कुतूहल होते, आणि तसे गाव आमच्या करवीर तालुक्यातच निघाले.

इतिहास थोडक्यात सांगतो. १९४० पासून सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधील लक्षावधी माणसे सायबेरियाकडे हद्दपार केली. १९४१ च्या करारान्वये त्यांची सुटका झाली, धडधाकट पुरुष फौजेत दाखल झाले, आणि बायका, मुले व वृद्ध इराणमार्गे हिंदुस्थानात पोहोचले. जामसाहेबांनी बालाचडीस मुलांना दिलेल्या आश्रयाची हकीगत सर्वश्रुत आहे; त्याहून कितीतरी मोठी, सुमारे पाच हजार वस्तीची छावणी १९४३ साली कोल्हापूर संस्थानात वळिवड्यास उभी राहिली.

कौलारू बराकींच्या सरळ रांगा, प्रत्येक कुटुंबाच्या वाट्याला त्यातल्या एकदोन खोल्या, शिवाय चर्च, इस्पितळ, नाट्यगृह, बालवीरांची पथके, असा सगळा सरंजाम होता. पण मला खिळवून ठेवले ते तेथील शाळांनी. ज्या मुलांना मायदेश धड आठवतही नव्हता, त्यांना पंचगंगेच्या काठी, बाहेर उसाचे मळे डोलत असताना, पोलंडच्या नद्या, राजे आणि व्याकरण अशा कसोशीने पढविले जाई की जणू पुढच्याच सत्रात ती तेथील वर्गांत जाऊन बसणार होती. या हट्टाला वेड म्हणावे की शहाणपण, हे मला अद्याप ठरविता आलेले नाही. आदर मात्र वाटतो.

जुलै १९४५ मध्ये इंग्लंडने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली आणि छावणीचा वालीच नाहीसा झाला. खर्चाचा भार प्रथम संयुक्त राष्ट्रांच्या मदतसंस्थेवर व नंतर आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेवर गेला. नव्या सरहद्दीमुळे बहुतेकांची मूळ गावे सोव्हिएत संघात गेली होती, तेव्हा परतायचे ते कोठे? काही नव्या पोलंडात गेले. पुष्कळांनी इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा गाठले, आणि १९४८ पर्यंत वसाहत रिकामी झाली. त्याच बराकींत सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे शिरली. त्यांनी फेरीवाल्याच्या गाठोड्यापासून आरंभ करून ठोक कापडाची जी पेठ उभारली, तिचे नाव गांधीनगर.

तेथल्या एका पेढीवर मी बराच वेळ बसलो होतो. वयस्क मालक ताक्याचे टोक धरून असा झटका देत की कापड पांढऱ्या गादीवर सरसर उलगडत थेट गिऱ्हाइकाच्या गुडघ्याशी येऊन थांबे. तोच ‘सूत बघा की, मग भाव बोला’ असे अस्सल कोल्हापुरी आर्जव, आणि त्याच श्वासात गल्ल्यावरील मुलाला सिंधीत हुकूम. मुलाने उत्तर दिले ते मराठीत. मला त्याची चुटपूट लागली. सिंधीला १९६७ साली घटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले हे खरे, परंतु तिला स्वतःचा प्रांत नाही. पोलिश मुलांची गावे गेली तरी भाषेला देश उरला होता, येथे भाषेची सारी मदार घर आणि दुकान यांवर, आणि दुकानाने तर आपला कौल केव्हाच देऊन टाकलेला.

२०१९ साली वळिवड्यास पोलिश स्मारकाचे अनावरण झाले, तेव्हा जुने रहिवासी, आता नातवंडांचे आजी-आजोबा झालेले, दूरदेशांहून आले होते. त्यांचे पोलिश अद्याप शाबूत आहे, असे मी मालकांना सांगितले आणि धाकट्याला सिंधी लिहावयास शिकविले काय, असे विचारले. सुरतेहून येणारा माल, घरबसल्या मोबाइलवर होणारी खरेदी आणि थकलेली उधारी यांचा पाढा वाचून झाल्यावर ते म्हणाले, ‘साहेब, आधी वसुली शिकवू द्या की त्याला!’