शामोनी खोऱ्यातील उन्हाळा

शामोनी खोऱ्यातील उन्हाळा : आल्प्स पर्वतातील मों ब्लां गिरिपिंडाच्या पायथ्याशी वसलेल्या शामोनी या फ्रेंच वस्तीचे उन्हाळी हवामान, त्यावर आधारलेले तेथील लोकजीवन आणि गिर्यारोहणादी क्रीडा यांचा परामर्श येथे घेतला आहे. शामोनी फ्रान्सच्या ओत-साव्ह्वा विभागात, इटली व स्वित्झर्लंड यांच्या सीमांलगत, समुद्रसपाटीपासून १,०३५ मी. उंचीवर आहे. लोकसंख्या सु. ९,०००. १९२४ मध्ये पहिले हिवाळी ऑलिंपिक सामने येथे भरल्याने बर्फावरील खेळांचे केंद्र म्हणून गावाची ख्याती झाली. परंतु या खोऱ्याची जडणघडण प्रामुख्याने उन्हाळ्याने केली आहे. पूर्वी चारा व धान्य याच ऋतूत साठवावे लागे. पुढे शिखरे याच ऋतूत खुली होत असल्याने वाटाड्यांचा व्यवसाय वाढला. एकविसाव्या शतकात मात्र उन्हाळ्याची वाढती उष्णताच त्या व्यवसायाला बाधक ठरू लागली आहे.

भूरचना व हवामान : खोरे ईशान्य-नैर्ऋत्य दिशेने पसरले असून त्यातून वाहणारी आर्व्ह नदी पुढे जिनीव्हाजवळ रोन नदीस मिळते. आग्नेयेस मों ब्लां (२०२३ च्या मोजणीनुसार उंची ४,८०५·५९ मी.) व त्याचे ग्रॅनाइटी सुळके, तर वायव्येस एग्वी रूज ही तांबूस खडकांची कमी उंचीची रांग आहे. ‘एग्वी’ म्हणजे सुई. सह्याद्रीत ज्यास सुळका म्हणतात, त्याच आकाराच्या शिखरांना हे नाव आहे. गावातून शिखराकडे पाहिले असता उभ्या अंतरात सु. ३,७०० मी. फरक पडतो. उंचीनुसार दर हजार मीटरला तापमान सु. ६·५° से. कमी होत असल्याने एकाच दिवशी, एकाच दृष्टिक्षेपात भिन्न ऋतू दिसतात. जुलैमध्ये गावात दुपारी तापमान सु. २४° से. व पहाटे सु. १०° से. असते, त्याच वेळी शिखरावर पाणी गोठते. खोऱ्याच्या तळाशी स्प्रूस व लार्च या सूचिपर्णी वृक्षांची वने, त्यांवर कुरणे, त्यानंतर उघडे खडक आणि सर्वांत वर हिम असे थर आढळतात.

जूनच्या अखेरीस दिवस सु. साडेपंधरा तासांचा असतो. उतार तापल्यावर बाष्पयुक्त हवा वर चढते आणि दुपारनंतर मेघगर्जनेसह वळवाप्रमाणे पाऊस किंवा गारा पडतात. उघड्या धारेवर असलेल्यांना विजेचा धोका मोठा असतो. त्यामुळे ‘पहाटे निघावे व दुपारपूर्वी परतावे’ हा येथील गिर्यारोहणाचा मूलभूत नियम झाला आहे. रात्रीच्या थंडीने हिम कडक होते, हिमनदीवरील भेगा झाकणारे हिमाचे पूल भार सोसू शकतात व सैल दगड बर्फात जखडून राहतात. सूर्य वर येताच हे सर्व बंध सैल होतात. म्हणून उंच शिखरांवर जाणारे लोक मध्यरात्रीनंतर एक-दोन वाजताच कपाळावरील दिव्याच्या उजेडात निवारे सोडतात.

जुने लोकजीवन : अकराव्या शतकाच्या अखेरीस येथे बेनेडिक्टी मठ स्थापन झाला. पुढील अनेक शतके लोक गुरे पाळून व जव, राय, ओट ही धान्ये पिकवून निर्वाह करीत. हिवाळा लांब व शेतीयोग्य जमीन थोडी असल्याने उन्हाळ्यातील तीन-चार महिन्यांत वर्षभराची बेगमी करावी लागे. जूनमध्ये गुरे उंचावरील सामाईक कुरणांत नेत. गुराखी तेथील लाकडी झोपड्यांत राहून चीज तयार करीत आणि सप्टेंबरच्या सुमारास खाली उतरत. गावात राहिलेली माणसे उभ्या उतारांवरील गवत कोयत्याने कापून, वाळवून कोठारांत भरीत. ऐन कापणीत आठवडाभर पाऊस लागल्यास गवत कुजे व हिवाळ्यात गुरे विकण्याची पाळी येई. आकाशाकडे पाहून दिवसाचा अंदाज बांधण्याचे कसब या निकडीतून आले असावे. काही तरुण शामॉय या रानबकऱ्यासारख्या प्राण्याची शिकार करीत, तर काही खडकांच्या फटींतून स्फटिक काढून विकीत. अवघड कड्यांची व हिमनद्यांची ओळख प्रथम या दोन वर्गांना झाली.

हिमनद्या ही त्या काळी भीतीची वस्तू होती. सतराव्या शतकातील थंड कालखंडात त्या पुढे सरकून शेते व घरे गिळू लागल्या. १६४४ मध्ये बिशपने मिरवणुकीने जाऊन हिमनदीपुढे प्रार्थना केल्याची नोंद आहे. मागे सरकणाऱ्या हिमनदीची चिंता करणाऱ्या आजच्या पिढीच्या पूर्वजांनी ती मागे सरकावी म्हणून देवाची करुणा भाकली होती.

गिर्यारोहणाचा उदय : १७४१ मध्ये विल्यम विंडम व रिचर्ड पोकॉक या इंग्रज प्रवाशांनी मॉंतांव्हेर येथे चढून तेथील हिमनदी पाहिली व तिची तुलना गोठलेल्या लाटांशी केली, ‘मेर द ग्लास’ (हिमसागर) हे नाव त्यातूनच रूढ झाले. जिनीव्हाचा निसर्गशास्त्रज्ञ ऑरास बेनेदिक्त द सोस्यूर याने १७६० मध्ये मों ब्लांचा मार्ग शोधणाऱ्यास बक्षीस जाहीर केले. ८ ऑगस्ट १७८६ रोजी गावातील वैद्य मिशेल गाब्रिएल पाकार व स्फटिक शोधणारा झाक बाल्मा हे शिखरावर पोहोचले. पुढील वर्षी स्वतः सोस्यूर उपकरणांसह वर गेला. १८०८ मध्ये मारी पारादी ही गावातील स्त्री व १८३८ मध्ये आंरियेत दांझव्हिल यांनी शिखर गाठले.

१८२० च्या ऑगस्टमध्ये शास्त्रज्ञ हामेल याच्या तुकडीवर हिमलोट कोसळून तीन वाटाडे मरण पावले. मृतांच्या कुटुंबांच्या निर्वाहाचा प्रश्न उभा राहिल्याने १८२१ मध्ये वाटाड्यांनी संघ स्थापन केला. आलेले काम पाळीपाळीने वाटून घेणे आणि मिळकतीचा काही भाग अपघातग्रस्तांच्या निधीत टाकणे, हे त्याचे मुख्य नियम होते. सामाईक कुरणाची वहिवाट ठाऊक असलेल्या समाजाने येथे पर्वतही सामाईक मिळकतीप्रमाणे वाटून घेतला. संघ दीर्घकाळ केवळ स्थानिकांपुरता मर्यादित होता. रॉझे फ्रिझाँ-रोश हा १९३० मध्ये त्यात प्रवेश मिळालेला पहिला बाहेरचा मनुष्य होय. दरवर्षी १५ ऑगस्टला वाटाड्यांचा उत्सव होतो. त्यात पर्वतात मृत्यू पावलेल्यांची नावे पुकारली जातात व दोर आणि हिमकुऱ्हाडी यांना धर्मगुरू आशीर्वाद देतात.

दळणवळण व उन्हाळी क्रीडा : १९०१ मध्ये लोहमार्ग गावात पोहोचला. त्यानंतर लवकरच मॉंतांव्हेरपर्यंत (१,९१३ मी.) चढणारा, मध्ये दात्यांचा रूळ असलेला लोहमार्ग झाला. १९५५ मध्ये एग्वी द्यू मिदी या सुळक्यावर (३,८४२ मी.) रज्जुमार्ग सुरू झाला व दोन दिवसांची चढण वीस मिनिटांवर आली. ही सोय पर्यटकांना लाभदायक असली, तरी विरळ हवेची सवय नसलेला मनुष्य अल्पकाळात हिमनदीच्या काठावर उभा राहतो, हा तिचा धोकादायक परिणाम होय.

सर्वांना साधणारी क्रीडा म्हणजे पदभ्रमण. एग्वी रूजमधील संरक्षित क्षेत्रात (स्थापना १९७४) लाक ब्लां (२,३५२ मी.) या सरोवरापर्यंतची वाट लोकप्रिय आहे, वाटेत मार्मोट, आयबेक्स व शामॉय हे प्राणी दिसतात. मों ब्लांभोवतीची सु. १७० किमी. लांबीची प्रदक्षिणा फ्रान्स, इटली व स्वित्झर्लंड या तीन देशांतून जाते. पदयात्री तिला साधारणपणे दहा दिवस घेतात. २००३ पासून उन्हाळ्याच्या अखेरीस याच परिसरात होणाऱ्या दीर्घ धावशर्यतीत अव्वल धावपटू जवळजवळ तेवढेच अंतर वीस तासांच्या आसपास पुरे करतात. याशिवाय खडकारोहण, छत्रीच्या साहाय्याने उतारावरून उड्डाण करण्याचा पॅराग्लायडिंग हा खेळ व डोंगरी सायकलस्वारी हेही प्रकार प्रचलित आहेत. फ्रान्समधील पर्वतीय वाटाड्यांना शिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था येथेच आहे. १९५८ मध्ये स्थापन झालेले पर्वतीय पोलीस पथक हेलिकॉप्टरच्या साहाय्याने सुटकेचे काम करते. चर्चजवळच्या पर्वतभवनात निवारे, हिमाची स्थिती व मार्गांची अवस्था यांची ताजी माहिती विनामूल्य मिळते. २०१९ मध्ये यूनेस्कोने गिर्यारोहणाचा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. हा प्रस्ताव फ्रान्स, इटली व स्वित्झर्लंड यांनी संयुक्तपणे मांडला होता.

बदलती उष्णता : उन्हाळ्याचे संकट या प्रदेशास सर्वस्वी नवे नाही. शेजारच्या सँ-झेर्व्हे भागात तेत रूस हिमनदीच्या पोटात साठलेले पाणी १८९२ च्या जुलैमधील एका रात्री अचानक फुटून सु. पावणेदोनशे माणसे मृत्युमुखी पडली. २०१० मध्ये त्याच हिमनदीत पुन्हा पाणी साठल्याचे आढळल्यावर ते पंपांनी उपसून काढण्यात आले.

विसाव्या शतकाच्या अखेरीपासून मात्र बदलाचे स्वरूप व्यापक झाले आहे. मेर द ग्लासचे टोक १८५० च्या सुमारापासून दोन किमी.हून अधिक मागे हटले असून तिची जाडीही झपाट्याने घटली आहे. तिच्यात दरवर्षी नव्याने कोरण्यात येणाऱ्या हिमगुहेकडे जाण्यासाठी १९८८ मध्ये एक छोटा रज्जुमार्ग बांधला. पण हिमपृष्ठ खचत गेल्याने त्याच्या खालच्या टोकाशी पायऱ्या जोडाव्या लागल्या व त्यांची संख्या पाचशेच्या वर गेली. अखेर २०२४ मध्ये हिमनदीच्या वरच्या बाजूस नवा रज्जुमार्ग सुरू करण्यात आला.

याहून गंभीर परिणाम खडकांवर होतो. उंच सुळक्यांच्या भेगांतील बारमाही बर्फ चुन्याप्रमाणे शिळा सांधून धरते. ते वितळले की सांधे सुटतात व कडे ढासळतात. २००३ च्या तीव्र उन्हाळ्यात अशा अनेक दरडी कोसळल्या. जून २००५ मध्ये द्रू या सुळक्याचा बोनाती स्तंभ सु. अडीच लाख घ.मी.हून अधिक खडकासह कोसळला. इटालियन गिर्यारोहक वॉल्तेर बोनाती याने १९५५ मध्ये एकट्याने चढलेला विख्यात मार्ग त्याबरोबर नष्ट झाला. गास्ताँ रेब्यूफा या वाटाड्याने १९७३ मध्ये या गिरिपिंडातील शंभर उत्कृष्ट चढाया पुस्तकात वर्णिल्या होत्या. त्यांतील ९५ मार्गांची २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तपासणी झाली; ९३ मार्गांवर हवामानबदलाचा परिणाम आढळला, २६ मार्ग फार बदलले होते व ३ उरलेच नव्हते.

मों ब्लांच्या नेहमीच्या मार्गावरील गूते घळीत दगडांचा मारा होतो. १९९० ते २०१७ या काळात या टप्प्यात शंभराहून अधिक माणसे दगावली. २०१९ पासून या मार्गाने जाणाऱ्यांस निवाऱ्यातील जागा आधी राखून ठेवणे सक्तीचे आहे. २५ जुलै २०२२ रोजी स्वित्झर्लंडमधील पायर्न येथील निरीक्षणात शून्य अंश तापमानाची पातळी ५,१८४ मी. उंचीवर, म्हणजे मों ब्लांच्या माथ्याहूनही वर, नोंदली गेली. ऑगस्ट २०२३ मध्ये ती ५,२९८ मी.पर्यंत चढली. अशा वेळी रात्रीही हिम नीट गोठत नाही आणि पहाटे निघण्याच्या नियमातील संरक्षण लोपते. २०२२ च्या जुलैमध्ये वाटाड्यांनी या मार्गावरील चढाया थांबविल्या व ऑगस्टमध्ये सँ-झेर्व्हेच्या महापौरांनी त्यावरील निवारे बंद केले.

बोसाँ हिमनदी आणि भारत : बोसाँ हिमनदीच्या वरच्या भागात भारताची दोन विमाने कोसळली. ३ नोव्हेंबर १९५० रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ या विमानातील ४८ जण आणि २४ जानेवारी १९६६ रोजी मुंबईहून लंडनला निघालेल्या ‘कांचनजंगा’ या विमानातील ११७ जण मरण पावले. दुसऱ्या अपघातात अणुशास्त्रज्ञ होमी भाभा यांचा अंत झाला. हिमाने तेव्हा जे पोटात घेतले, ते हिमनदीच्या संथ प्रवाहाबरोबर खाली येऊन उन्हाळ्यात उघडे पडते. २०१२ मध्ये राजनैतिक टपालाची पिशवी, २०१३ मध्ये रत्नांची पेटी व २०२० मध्ये १९६६ च्या जानेवारीतील भारतीय वृत्तपत्रे सापडली. रत्नांची पेटी ज्या गिर्यारोहकास मिळाली त्याने ती पोलिसांकडे दिली. वारस न आढळल्याने २०२१ मध्ये तिची निम्मी रत्ने त्यास देण्यात आली.

अनुकूलन : पूर्वी जुलै-ऑगस्ट हा चढाईचा मुख्य हंगाम होता. आता हिमावरील मार्ग वसंत ऋतूत व जूनमध्ये, तर खडकावरील कित्येक मार्ग शरद ऋतूत केले जातात. ऐन उन्हाळ्यात वाटाडे कमी उंचीवरील खडक व पदभ्रमणाच्या वाटा निवडतात. ग्राहकास ठरलेले शिखर नाकारून दुसरे सुचविणे हे व्यवसायातील अवघड पण आवश्यक कौशल्य ठरले आहे. त्याच वेळी मैदानी शहरांतील उष्म्यापासून सुटका शोधणाऱ्यांची गर्दी खोऱ्यात वाढत आहे. नव्याने येणारे हे लोक पर्वताशी अपरिचित असतात आणि जुन्या वाटाड्यांचे अनुभव बदललेल्या कड्यांवर पूर्वीइतके विश्वसनीय राहिलेले नाहीत. त्यामुळे दररोजच्या निरीक्षणाला व त्या माहितीच्या देवाणघेवाणीला गवतकापणीच्या काळाइतकेच महत्त्व पुन्हा प्राप्त झाले आहे.