रत्नागिरी, पिन ४१५६१२

रत्नागिरी जिल्ह्यातले कित्येक संसार टपालावर उभे राहिले. मुंबईच्या गिरणीत, गोदीत राबणाऱ्या चाकरमान्याची मनीऑर्डर आली की गावी वाण्याची उधारी फिटायची, पोरांची फी भरली जायची. कोकण मनीऑर्डरवर जगतं असं लोक हिणवून म्हणत. मला त्यात हिणवण्यासारखं काही दिसत नाही. फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर दोन ओळी लिहायला जागा असे आणि त्या ऐकायला अख्खं घर पोस्टमनभोवती गोळा होई. तार २०१३च्या जुलैत बंद झाली, ती जुनी मनीऑर्डर २०१५ साली. टपालाच्या ओळखीच्या वाटा अशा एकामागून एक मिटत होत्या, त्याच वर्षांत या गावातल्या आम्हा काही जणांकडे परदेशी कार्डं येण्याचं प्रमाण मात्र वाढत गेलं. त्या वीसेक वर्षांचा हा मागोवा आहे. पण तो ही देवघेव सुरू झाली त्या २००५पासून सुरू केला तर अर्धाच राहील, कारण परदेशी टपाल या किनाऱ्याला नवं नव्हतं.

राजिवडा, मिरकरवाडा अशा वस्त्यांमधले कोकणी मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर्दी. कुणी जहाजावर खलाशी, कुणी पूर्व आफ्रिकेत, कुणी एडनला, पुढच्या पिढ्या आखातात. त्या बंदरांतून निघालेल्या पत्रांवर बहुधा भारताचीच तिकिटं असत. १८९५ साली झांझिबारने आणि ब्रिटिश पूर्व आफ्रिकेने भारताच्या तिकिटांवर आपापलं नाव छापून ती वापरायला काढली. कुवेतने १९२३पासून तेच केलं, बहारीनने १९३३पासून. एडनला तर १९३७पर्यंत वर काहीही न छापता भारताचं साधं तिकीट चालायचं. चेहरा तोच पंचम जॉर्जचा. पत्र एडनहून आलं की अलिबागहून, ते फक्त शिक्का सांगणार. म्हणून ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांच्या ट्रंका अजून आहेत, त्यांना मी कळकळीने सांगत असते की पाकीट सापडलं तर तिकीट कापू नका, पाण्यात सोडवू नका. सुटं झालं की ते लाखो तिकिटांतलं एक होतं. पाकिटावर असतं तोवर कुठून निघालं, कुणाच्या घरी पोचलं, किती दिवस वाटेत होतं, सगळं त्यावर लिहिलेलं असतं.

कार्डांचा नाद लागल्यावर मला सर्वांत जास्त गुंतवून ठेवलं ते मंडालेने. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८६ साली रत्नागिरीत आणून ठेवलं. १९१० साली त्याच्यासाठी इथे राजवाडा बांधला आणि १९१६ साली तो इथेच वारला. नेमक्या याच काळात चित्रकार्डांची हौस जगभर पसरली होती. रंगूनचे फिलिप क्लिअर आणि डी. ए. आहुजा ब्रह्मदेशाच्या देखाव्यांची कार्डं छापत होते, मंडालेचा राजवाडा त्या कार्डांवरून देशोदेशी जात होता आणि त्या राजवाड्याचा धनी आमच्या गावात खाडीकडे बघत बसला होता. त्यातच १९०८ ते १९१४ या वर्षांत आमच्या गावात जन्मलेले लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. एका गावाचा माणूस दुसऱ्या गावात कैदेत आणि त्या गावचा राजा पहिल्या गावात, असा योग इतिहासात क्वचितच आला असेल. माझ्या संग्रहात एक पान या जोडीसाठीच राखलेलं आहे.

टिळकांवरचं तिकीट २३ जुलै १९५६ रोजी, जन्मशताब्दीला निघालं. किंमत दोन आणे. दोनच वर्षांनी, १८ एप्रिल १९५८ला, महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्यावरचं आलं, ते मात्र १५ नये पैशांचं, कारण मधल्या काळात, १९५७ साली, दशमान नाणी सुरू झाली होती. कर्वे तेव्हा शंभर वर्षांचे आणि हयात होते. जिवंतपणी भारताच्या तिकिटावर आलेले ते पहिले भारतीय. खेड तालुक्यातल्या शेरवलीत जन्मलेला आणि मुरूडला वाढलेला मुलगा! १९६६ साली दोन तिकिटं पाठोपाठ आली. १४ एप्रिलला डॉ. बाबासाहेब आंबेडकर, ज्यांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, आणि ९ मेला गुहागरजवळच्या कोतळूकला जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले. १९७० साली सावरकर आले. त्यांच्या स्थानबद्धतेची तेरा वर्षं या गावात गेली. अशा एका जिल्ह्याचं पान लावायला मोठा पैसा लागत नाही. यातली बहुतेक तिकिटं आजही जुन्या तिकिटांच्या विक्रेत्याकडे सामान्य माणसाला परवडतील अशा भावात मिळतात. नव्याने छंद लागलेल्या मुलांना मी जगाच्या आधी हे पान लावायला सांगते.

आमच्या लहानपणी छंदाची साधनं तुटपुंजी होती. दुकानात पारदर्शक पुडीत हंगेरीची, पोलंडची, आखातातल्या अजमान-फुजैराची झगमगीत तिकिटं मिळत. त्यातली पुष्कळशी पत्रावर कधी चिकटलेलीच नसत, छापखान्यातच शिक्का मारून विकायला काढलेली असत, हे फार उशिरा कळलं. दुसरी वाट पत्रमित्रांची आणि तिसरी रेडिओची. लघुलहरींवर बीबीसी, रेडिओ मॉस्को, डॉइश वेले, रेडिओ नेदरलँड ऐकायचं, कार्यक्रम कसा ऐकू आला ते तारीख-वेळेसह लिहून कळवायचं, की काही आठवड्यांनी तिकडून पोचपावतीचं चित्रकार्ड यायचं. कोकणातल्या एखाद्या वाडीवर हॉलंडच्या पवनचक्कीचं कार्ड यायचं ते या वाटेने.

मग २००५चा जुलै. पाउलो मागाल्याइश या पोर्तुगीज तरुणाने पोस्टक्रॉसिंग सुरू केलं. त्याची रीत साधी आहे. तुम्हाला जगातल्या कुणाचा तरी पत्ता मिळतो आणि कार्डावर लिहायला एक क्रमांक. कार्ड पोचलं की तो माणूस क्रमांकाची नोंद करतो आणि मग तुमचा पत्ता तिसऱ्याच कुणाला तरी जातो. तुम्ही लिहिलंत फिनलंडला, तुम्हाला आलं तैवानहून. परतफेडीचा हिशेब दोघांत राहत नाही, सगळ्या जगात वाटला जातो. मला यातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. पत्रमैत्रीत एकाचा उत्साह ओसरला की दुसऱ्याच्या मनाला लागायचं. इथे तसं होत नाही. आजवर अशी सात कोटींहून अधिक कार्डं पोचली आहेत.

कार्डावरच्या माझ्या पत्त्याचा शेवट सहा आकड्यांनी होतो, आणि त्या आकड्यांमागे एक मराठी माणूस आहे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिन कोड सुरू झाला तो श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून. टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे नामवंत कवी. १९७३ साली दिल्लीत इंडिपेक्स हे तिकिटांचं जागतिक प्रदर्शन भरलं, त्याचे अध्यक्षही तेच होते. गावांची नावं सारखी, लिहिणाऱ्यांच्या लिप्या वेगळ्या, अक्षर कसंही. या गोंधळातून पत्र नेमकं पोचावं म्हणून केलेली ही सोय. जपानी शाळकरी मुलीने 'रत्नागिरी'चं स्पेलिंग पार वेगळं लिहिलेलं कार्डही माझ्या दारात आलं ते ४१५६१२ बरोबर होतं म्हणून.

कार्डं वाचता वाचता माणसांच्या आवडी कळत गेल्या. जर्मनीतल्या एका गृहस्थांना चित्राशी देणंघेणं नव्हतं, त्यांना फक्त शिक्का हवा होता, गोल आणि गावाचं नाव स्वच्छ वाचता येईल असा. तेव्हापासून कार्ड पेटीत न टाकता खिडकीवर नेऊन 'जरा हलक्या हाताने मारा' असं सांगायची सवय लागली. तैवानच्या एका विद्यार्थिनीने मी पाठवलेल्या घराच्या फोटोवरून विचारलं होतं, की हे दगड लाल का आणि त्यांना भोकं का? जांभ्याबद्दल इतकं नीट कुणी कधी विचारलं नव्हतं. तिला उत्तर देताना कातळ, चिऱ्याच्या खाणी, पावसाने झिरपणारं लोह हे सगळं चार इंचांत बसवायची वेळ आली.

आता थोडं पावसाबद्दल, कारण कोकणातल्या संग्राहकाचा अर्धा वेळ त्यातच जातो. इथे हंगामात तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो. कोऱ्या तिकिटांच्या पाठचा डिंक हवेतला दमटपणा शोषतो आणि तिकिटं एकमेकांना चिकटतात. अल्बमच्या पानांवर तपकिरी ठिपके उमटतात आणि एकदा उमटले की जात नाहीत. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवणं सर्वांत वाईट, आतली ओल आतच कोंडते. अल्बम आडवे रचायचे नाहीत, कपाटात उभे ठेवायचे, दोन अल्बमांत बोटभर फट ठेवायची. कोऱ्या तिकिटांमध्ये गुळगुळीत बटर पेपर घालायचा. उघडीप पडली की दुपारी पंख्याखाली पानं उलटायची, उन्हात मुळीच नाही, उन्हाने रंग उडतो. वापरलेली तिकिटं पाण्यात सोडवून वाळवायचं काम दिवाळीनंतरच काढायचं. साध्या पाण्यात कागद सुटेपर्यंत ठेवायचं, चिमट्याने उचलायचं, टिपकागदावर पालथं घालायचं आणि अर्धवट सुकल्यावर जाड पुस्तकात दाबायचं. आणि पावसाळ्यात कार्ड लिहायचं ते बॉलपेननेच. शाईचं पेन आणि जेल पेन या दिवसांत अजिबात नको.

२२ जुलै २०२१च्या चिपळूणच्या पुरात या सगळ्या काळज्या फोल ठरल्या. वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं तेव्हा तिथल्या एका स्नेह्यांचे अल्बम तळमजल्यावर होते. चार दिवसांनी आम्ही पानं सोडवायला बसलो. वापरलेली तिकिटं बरीचशी वाचली. ती आयुष्यात एकदा भिजलेलीच असतात. गाळ धुतला आणि वाळवली. कोऱ्या तिकिटांचे मात्र गठ्ठे झाले होते. सोडवली तरी डिंक गेलेला, म्हणजे संग्राहकाच्या लेखी निम्मी किंमत गेली. चित्रकार्डांवरचा चकचकीत थर सालीसारखा निघाला, पण मागचा मजकूर, बॉलपेनने लिहिलेला, तसाच होता. त्यांनी ती कार्डं टाकली नाहीत. नवीन अल्बममध्ये मजकुराची बाजू वर करून लावली.

त्याआधीचं वर्षही कठीण गेलं होतं. मार्च २०२०मध्ये विमानं थांबली आणि परदेशी टपाल ठप्प झालं. वाटेत अडकलेली कार्डं पुढे कित्येक महिन्यांनी आली. २०२२मध्ये युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर रशियाशी चाललेली देवघेव बहुतेक आटली. रशियाची माणसं लांब लिहीत, बारीक अक्षरात, कोपरे भरून. त्यांची उणीव जाणवते. २०२५च्या ऑगस्टअखेर अमेरिकेने आठशे डॉलरपर्यंतच्या मालाची जकातमाफी काढून घेतली. नवी जकात गोळा कशी करायची हेच ठरलेलं नव्हतं, त्यामुळे भारतातून तिकडे जाणारं टपाल थांबलं, ते ऑक्टोबरात पुन्हा सुरू झालं. त्याच वर्षी आपलं रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. आणि २०२५ सरता सरता डेन्मार्कच्या टपालसेवेने पत्रं वाटणंच सोडलं. १६२४ सालापासून चालत आलेलं काम होतं ते. तिथे आता खासगी कंपनी पत्रं पोचवते. आपल्याकडे अजून ५० पैशांत पोस्टकार्ड देशाच्या कुठल्याही टोकाला जातं, याचं मोल अशा बातम्या वाचल्यावर जास्त कळतं.

या सगळ्या वर्षांत एक गोष्ट मात्र सतत खुपत राहिली. जगाने आपापली गावं आम्हाला पाठवली आणि आमच्याकडे पाठवायला आमचं गाव नव्हतं. चित्रकार्डांच्या भराच्या काळात मुंबईची असंख्य कार्डं निघाली. महादेव विश्वनाथ धुरंधरांसारख्या चित्रकाराने मुंबईची माणसं कार्डांसाठी रंगवली. कोकणाची जुनी कार्डं माझ्या हाती क्वचितच आली, आणि आज रत्नागिरीत येणाऱ्या पाहुण्याला हापूसची पेटी, कोकम, फणसपोळी सगळं मिळतं, गावाचं एक बरं चित्रकार्ड शोधायला मात्र वणवण करावी लागते. सुरुवातीला मी ताजमहालच पाठवत होते. नंतर आम्ही काही जणांनी वर्गणी काढून कार्डं छापून घेतली. पहिल्या खेपेला छापखान्याने दोन्ही बाजूंना चकाकी दिली, त्यावर शाई ठरेना. आता पुढची बाजू चकचकीत आणि मागची कोरी, तीनशे जीएसएमचा कागद, असं नेमकं सांगतो.

सर्वांत जास्त मागणी आली ती उक्षीच्या हत्तीला. सड्यावर कोरलेला तो भला मोठा हत्ती, आणि कशेळी, बारसू, देवाचे गोठणे, जांभरुण इथली कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. त्यानंतर बाहेरून येणाऱ्या कार्डांवर त्यांची चौकशी सुरू झाली. कुणी कोरली, कधी, कशासाठी, यावर अभ्यासक अजून शोध घेत आहेत, एवढंच मी लिहिते आणि माणसाच्या उंचीशी तुलना करणारं छोटं रेखाटन बाजूला काढते.

१ ऑक्टोबर हा जागतिक पोस्टकार्ड दिवस, ऑस्ट्रिया-हंगेरीत १८६९ साली याच तारखेला पहिलं पोस्टकार्ड निघालं म्हणून. साऱ्या हिंदुस्थानात चालणारी पहिली तिकिटंही १ ऑक्टोबरचीच, १८५४ची. सहावी ते नववीच्या मुलांना तिकीटसंग्रहासाठी २०१७पासून दीनदयाळ स्पर्श योजनेत वर्षाला सहा हजारांची शिष्यवृत्ती मिळते. तिच्यासाठी शाळेत क्लब लागतो किंवा मुलाचं टपाल खात्यात तिकिटांचं ठेव खातं लागतं. त्या शिष्यवृत्तीच्या निमित्ताने जमलेल्या काही मुलांसोबत यंदाच्या १ ऑक्टोबरसाठी नवी सहा कार्डं काढायची आहेत. विषयांवरून वाद चालू आहेत. मुलींना भाट्याचं सुरूबन हवं आहे, दोघांना मिरकरवाड्याच्या बोटी, एकाला आजीची आंब्याची पेंढ्यात भरलेली पेटी. थिबा राजवाड्याला मात्र सगळ्यांनी एकमताने होकार दिला, आणि त्याच्या मागच्या बाजूचा मजकूर मराठीसोबत ब्रह्मी लिपीतही असावा असं त्यांचं म्हणणं आहे. तो नीट लिहून देणारा माणूस आम्ही शोधतो आहोत.