कर्म म्हणजे नशीब नव्हे



"माझ्या नशिबाचे भोग आहेत, भोगलेच पाहिजेत." गटाच्या बैठकीत हे वाक्य आपण किती वेळा ऐकतो! नवरा मारतो, नशीब. पोरीची शाळा सुटली, नशीब. कांदा पावसात सडला, तेही नशीब. मागच्या जन्मीचं कर्म म्हणून ती बाई गप्प बसते आणि ऐकणाऱ्या आपणही गप्प बसतो. म्हणून आज बुद्धांनी कर्म कशाला म्हटलं, ते समजून घेऊ.

पुण्याजवळ देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी धम्मदीक्षा घेतली. त्यांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी कर्माचा विचार नीट उलगडला आहे. गरिबी आणि हलकं मानलं जाणं हे मागच्या जन्मीच्या कर्माचं फळ मानलं, की समाजाची जबाबदारी संपते, असं ते दाखवतात. बुद्धांचा कर्मनियम त्यांच्या मते वेगळा आहे. आपण आज जे करतो, त्यावर जगातली नीती टिकते, असा तो नियम.

मग कर्म म्हणजे नेमकं काय? बुद्धांनी चेतनेला कर्म म्हटलं. चेतना म्हणजे मनातला हेतू, ठरवून केलेली इच्छा. ती शरीरातून, बोलण्यातून किंवा मनातून काम करते. धम्मपदाच्या जुन्या टीकेत चक्षुपाल नावाच्या अंध भिक्खूंची गोष्ट आहे. पाऊस पडून गेल्यावर ते फेऱ्या मारत होते आणि पायाखाली किडे मेले. इतर भिक्खूंनी तक्रार केली. बुद्धांनी सांगितलं, त्यांना किडे दिसत नव्हते, मारण्याचा हेतू नव्हता, म्हणून ती हत्या नव्हे.

आता हे आपल्या वहीला लावून पाहू. हप्ता लिहिताना आकडा चुकला, तर वही दुरुस्त करायची. त्या ताईला चोर म्हणायचं नाही. पण पैसे घेऊन मुद्दाम लिहिले नाहीत, तर रक्कम पन्नास रुपये असली तरी ते वेगळं कर्म आहे. आणि "माझा हेतू चांगला होता" एवढं म्हणून सुटकाही नाही. चूक दिसल्यावर ती झाकायची ठरवलं, तर ते झाकणं हे नवं कर्म झालं.

यासाठी बुद्धांनी आपला मुलगा राहुल याला सोपी रीत सांगितली. आरशात तोंड पाहतो, तसं आपलं काम पाहावं, तेही तीनदा: करण्याआधी, करताना आणि केल्यावर. यातून मला, दुसऱ्याला किंवा दोघांना त्रास होणार आहे का? होणार असेल तर थांबावं. झालाच असेल तर जाणत्या माणसासमोर मोकळेपणानं सांगावं आणि पुढे सांभाळावं. एखाद्या बाईचा हप्ता थकला, तर बोलण्याआधी स्वतःला विचारायचं, मला पैसे वसूल करायचेत की तिला चारचौघींत खाली पाहायला लावायचंय? रक्कम तीच मागायची असते, पण हेतू बदलला की शब्द बदलतात. मग आपण तिला बाजूला घेऊन अडचण विचारतो, हप्ता पाडून देतो.

आता सुरुवातीच्या त्या वाक्याकडे येऊ. सीवक नावाच्या परिव्राजकानं बुद्धांना विचारलं, माणसाला जे सुखदुःख होतं ते सगळं पूर्वकर्मामुळेच असतं, असं काही लोक म्हणतात, ते खरं का? बुद्ध नाही म्हणाले. त्यांनी कारणं मोजून दाखवली: पित्त, कफ, वात, तिन्हींचा बिघाड, ऋतुबदल, शरीराची आबाळ, दुसऱ्यानं केलेला मार, आणि आठवं कर्म. म्हणजे आठांतलं एकच. अवकाळी पाऊस हे कांदा लावणारीचं पाप नाही. अंगावरचे वळ हे मारणाऱ्याचं कर्म आहे, मार खाणारीचं नाही. त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहेत, तातडीला ११२ क्रमांक आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत कुणी "माझं नशीब" म्हणाली, तर मान हलवून पुढचा विषय घेऊ नका. तिला विचारा, हे कशामुळे झालं? ऋतूमुळे, आजारामुळे, की कुणी केलं म्हणून? पावसानं नुकसान झालं असेल तर पंचनाम्यासाठी तलाठ्याकडे तिच्यासोबत दोघी जा. आजार असेल तर दवाखान्यात न्या. मारहाण असेल तर तिला एकटीला घरी पाठवू नका, आधी तिचं म्हणणं ऐका आणि तिला काय हवं ते विचारा. तिचं दुःख ऐकून आपण काय करायचं ठरवतो, ते आपलं कर्म आहे.