विपणन आंतरवासितेची मुलाखत : पूर्वतयारीची दिशा

अनुभव नाही म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही, या कोंडीत देशातील असंख्य नवपदवीधर सापडतात. ही कोंडी फोडण्याचे एक प्रभावी साधन म्हणजे आंतरवासिता, अर्थात इंटर्नशिप. २०२४-२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पाच वर्षांत एक कोटी युवकांना आघाडीच्या ५०० कंपन्यांमध्ये अशी संधी देण्याची घोषणा झाली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रधानमंत्री इंटर्नशिप योजनेचा प्रायोगिक टप्पा सुरू झाला. त्या टप्प्यात १२ महिन्यांसाठी दरमहा ५,००० रुपये साहाय्य निश्चित करण्यात आले. त्यांपैकी ४,५०० रुपये केंद्र सरकारचे व ५०० रुपये कंपनीचे. योजनेतून असो वा स्वतंत्रपणे, अंतिम निवड कंपनीच करते. त्यामुळे ज्यांच्या घरात मार्गदर्शन करणारे कोणी नाही, अशा पहिल्या पिढीतील पदवीधरांच्या दृष्टीने मुलाखतीची तयारी विशेष महत्त्वाची ठरते. विपणन क्षेत्रात ही तयारी कशी करावी, याचा येथे विचार केला आहे.

विपणन म्हणजे केवळ विक्री नव्हे

तयार माल खपविणे म्हणजे विक्री; ग्राहकाची गरज ओळखण्यापासून त्याचे समाधान होईपर्यंतची सर्व प्रक्रिया म्हणजे विपणन. उत्पादन, किंमत, वितरण आणि प्रसिद्धी हे त्याचे चार आधारस्तंभ मानले जातात. त्यांच्या व्याख्या पाठ करण्यापेक्षा एखादे उदाहरण त्या चौकटीत मांडता येणे अधिक मोलाचे असते. १९६९ मध्ये करसनभाई पटेल यांनी अहमदाबादेत ‘निरमा’ धुलाई पावडरची सुरुवात केली. सायकलवरून घरोघर विकली जाणारी ही पावडर प्रस्थापित ब्रँडपेक्षा कितीतरी स्वस्त होती. पुढे तिच्या स्पर्धेमुळे हिंदुस्थान लिव्हरला ‘व्हील’ हे स्वस्त उत्पादन बाजारात आणावे लागले. महाग पावडर न परवडणारा मोठा ग्राहकवर्ग देशात होता, हे निरमाने ओळखले. ‘हे उत्पादन का चालले?’ या प्रश्नाला असे कारणांसह उत्तर देता आले पाहिजे.

आकड्यांशी ओळख

विपणनात गणित नसते, हा समज चुकीचा आहे. समजा, एका कंपनीची विक्री २०० कोटींवरून २५० कोटी रुपयांवर गेली. म्हणजे २५ टक्के वाढ झाली. त्याच काळात त्या वस्तूची एकूण बाजारपेठ १,००० कोटींवरून १,५०० कोटींवर गेली असेल, तर कंपनीचा हिस्सा २० टक्क्यांवरून सुमारे १६.७ टक्क्यांवर घसरला. वाढीतील ही पीछेहाट ओळखणारा उमेदवार मुलाखतकाराच्या लक्षात राहतो.

शासकीय आकडेवारीही उपयुक्त ठरते. घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षण २०२३-२४ नुसार, मोफत मिळालेल्या वस्तूंचे मूल्य न धरता, दरडोई सरासरी मासिक खर्च ग्रामीण भागात ४,१२२ रुपये, तर शहरी भागात ६,९९६ रुपये होता. लहान आकाराच्या पाकिटांना ग्रामीण भागात मागणी का असते, याचा विचार अशा आकड्यांच्या आधारे करता येतो.

बाजारपेठेचे निरीक्षण

कंपनीचे संकेतस्थळ आणि, ती शेअर बाजारात नोंदलेली असल्यास, तिचा वार्षिक अहवाल अवश्य वाचावा. त्याबरोबरच चार-पाच किराणा दुकानांना भेट द्यावी. कंपनीचा माल कोणत्या फळीवर आहे, ग्राहक नावाने मागतो की दुकानदार देईल ते घेतो, स्पर्धकाची किंमत किती आहे, याची टिपणे काढावीत. यासाठी खर्च येत नाही. तालुक्याच्या गावातील विद्यार्थ्याला आठवडी बाजाराची असलेली ओळख हे त्याचे भांडवलच होय.

अनुभवाची मांडणी

नोकरीचा अनुभव नसला तरी सांगण्यासारखे काहीच नाही असे नसते. महाविद्यालयीन कार्यक्रमासाठी मिळविलेले प्रायोजक, बचत गटाच्या मालाची केलेली विक्री, घरच्या दुकानातील काम हेही अनुभवच आहेत. परिस्थिती काय होती, जबाबदारी कोणती होती, काय केले आणि परिणाम काय झाला, या क्रमाने दोन मिनिटांत सांगण्याचा सराव करावा. परिणाम शक्यतो आकड्यांत सांगावा आणि न केलेले काम स्वतःच्या नावावर सांगू नये. एका उपप्रश्नातच ते उघडे पडते.

इंग्रजीची भीती अनेकांना मागे खेचते. मुलाखत इंग्रजीत असल्यास लहान, सोप्या वाक्यांत बोलावे. प्रश्न समजला नाही तर तो पुन्हा विचारण्यात कमीपणा नाही. ग्राहकाशी त्याच्या भाषेत बोलता येणे ही या क्षेत्रातील पात्रताच असल्याने आपल्याला अवगत असलेल्या भारतीय भाषांचा आवर्जून उल्लेख करावा.

उमेदवाराचेही प्रश्न

मुलाखतीच्या अखेरीस कामाचे स्वरूप, मार्गदर्शक अधिकारी, कालावधी, विद्यावेतन आणि प्रमाणपत्र यांविषयी नम्रपणे विचारावे व निवडीचे पत्र लेखी घ्यावे. नोंदणी, प्रशिक्षण वा अनामत रकमेच्या नावाखाली पैसे मागितले गेल्यास सावध राहावे. आंतरवासितेचे नाव देऊन केवळ विक्रीचे उद्दिष्ट गळ्यात बांधले जात असेल, तर तेथे शिकायला काय मिळणार, याचाही विचार व्हावा.

देशातील युवाशक्तीला कामाचा पहिला अनुभव मिळवून देण्यासाठी शासन आणि उद्योग यांचे प्रयत्न आवश्यक आहेतच. त्यांना महाविद्यालयांनी सराव मुलाखतींची जोड दिल्यास ग्रामीण आणि निमशहरी भागातील गुणी पदवीधरही या संधीपर्यंत आत्मविश्वासाने पोहोचू शकतील.