भिजलेल्या अल्बमचे पहिले अठ्ठेचाळीस तास

पूर ओसरला की दोन-तीन दिवसांत रस्त्याच्या कडेला ढीग साचू लागतात. गाद्या, धान्याची पोती, फुगलेल्या प्लायवुडची कपाटे आणि त्यांतच लग्नाचे अल्बम, आजोबांची तसबीर, पोथ्या, पैठण्या. सगळे एकाच चिखलात माखलेले असते आणि एकाच ट्रॅक्टरमध्ये भरले जाते. गादी पुन्हा विकत घेता येते, अल्बम येत नाही. पुण्यातल्या जुन्या घरांत फोटोंचा विषय निघाला, की आजही ‘ते पानशेतात गेले’ एवढेच उत्तर मिळते. 1961 च्या त्या पुरानंतर 2019 मध्ये सांगली-कोल्हापूरकरांनी आणि 2005 व 2021 मध्ये चिपळूणकरांनी तेच दुःख सोसले. चिपळूणच्या 1864 सालापासूनच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातही या दोन्ही पुरांचे पाणी शिरले होते.

पण त्या ढिगातल्या बऱ्याच वस्तू प्रत्यक्षात वाचण्यासारख्या असतात. त्या नष्ट होतात त्या पाण्याने कमी आणि पुढच्या दोन दिवसांतल्या घाईने जास्त. आणि त्या वाचवताना आपण स्वतः आजारी पडू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. म्हणून आरोग्याच्या या सदरात आज हा विषय.

फ्लॉरेन्सने शिकवलेले धडे

आपत्तीत सापडलेल्या कलाकृती वाचवण्याचे आजचे शास्त्र बऱ्याच अंशी एका पुरातून घडले. 4 नोव्हेंबर 1966 रोजी इटलीतल्या आर्नो नदीचे पाणी फ्लॉरेन्स शहरात घुसले. काही भागांत ते सहा मीटरच्या वर चढले होते. हिवाळ्याच्या तोंडावर घरे गरम ठेवण्यासाठी साठवलेले तेल त्यात मिसळले होते, त्यामुळे जिथे पाणी गेले तिथे काळा चिकट थर बसला. तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयातली दहा लाखांहून अधिक पुस्तके आणि कागदपत्रे भिजली. देशोदेशीचे तरुण मदतीला धावले आणि साखळी करून हातोहात पुस्तके बाहेर काढू लागले. लोकांनी त्यांना ‘चिखलातले देवदूत’ असे नाव दिले.

तज्ज्ञांनी तिथे केलेल्या काही गोष्टी डॉक्टरला लगेच ओळखीच्या वाटतात. पहिली गोष्ट म्हणजे स्थिरीकरण. अपघातातला रुग्ण आला की आम्ही आधी श्वास आणि रक्तस्राव बघतो, हाडे जुळवण्याचे काम नंतरचे. तिथेही रंगाचे पापुद्रे सुटू लागलेल्या चित्रांवर पातळ कागद चिकटवण्यात आला. जखमेवर पट्टी बांधावी तसा. दुसरी गोष्ट म्हणजे सावकाश सुकवणे. लाकडी फळ्यांवर रंगवलेली चित्रे लिंबाची झाडे ठेवण्याच्या एका मोठ्या दालनात नेली. तिथली हवा मुद्दाम दमट ठेवली होती आणि तो दमटपणा हळूहळू कमी करत नेला. फुगलेले लाकूड झटकन वाळले असते तर आक्रसले असते आणि वरचा रंग गळून पडला असता. तिसरी गोष्ट बुरशीची. भिजलेल्या कलाकृतींवरची बुरशी रोखण्यासाठी तिथे निस्टॅटिन वापरले गेले. बाळाच्या तोंडात पांढरे चट्टे आले की आम्ही जे थेंब लिहून देतो, तेच हे औषध.

वासारी या चित्रकाराचे 1546 मधले ‘अखेरचे भोजन’ हे पाच लाकडी फळ्यांवरचे चित्र बारा तासांहून अधिक काळ पाण्याखाली होते. कागदाची पट्टी लावून ते कित्येक दशके नुसते सांभाळून ठेवले गेले, कारण ते दुरुस्त करण्याचे तंत्र तेव्हा कोणाकडेच नव्हते. ते तंत्र पुढे आले आणि 2016 मध्ये, पुराला पन्नास वर्षे झाली तेव्हा, चित्र पुन्हा आपल्या जागी लागले. आज दुरुस्त होत नाही म्हणून वस्तू टाकून द्यायची नसते, ती टिकवून ठेवायची असते.

लशीची कुपी आणि ओले पुस्तक

बुरशीचे बीजाणू हवेत कायमच असतात. त्यांना ओल आणि खाद्य हवे असते. कागद, कापड, चामडे, पुस्तकाच्या बांधणीतली खळ आणि फोटोवरचा जिलेटिनचा थर ही त्यांची आवडती खाद्ये. आपल्या पावसाळी उकाड्यात 48 ते 72 तासांत बुरशी डोळ्यांना दिसू लागते. म्हणजे हाताशी वेळ असतो तो दोन दिवसांचा. घर चिखलाने भरलेले असताना दोन दिवसांत शेकडो पाने कशी सुकवायची?

याचे उत्तर आहे थंडी. पुस्तक गोठवले की बुरशी मरत नाही, पण तिची वाढ थांबते. शाई पसरत नाही आणि आपल्याला महिनोन्महिने सवड मिळते. अमेरिकेतल्या कॉर्निंग काचसंग्रहालयात 1972 मध्ये पूर आला तेव्हा तिथली भिजलेली पुस्तके अशीच गोठवून ठेवली होती.

पुढे ती सुकवायची कशी, तेही आरोग्य केंद्रात रोज दिसते. बीसीजी किंवा गोवर-रुबेलाच्या लशीची कुपी आठवा. तळाशी कोरडी पूड असते आणि परिचारिका त्यात द्रावण मिसळते. ती पूड फ्रीज-ड्राइंगने तयार होते. पदार्थ गोठवायचा आणि हवेचा दाब खूप कमी करायचा. मग बर्फ वितळत नाही, त्याची थेट वाफ होते. पुस्तकाच्या बाबतीत याचा फायदा असा, की पाणी द्रवरूपात येतच नाही. त्यामुळे पाने एकमेकांना चिकटत नाहीत आणि शाईही वाहत नाही. ही यंत्रे महाग असतात, घरात ती असण्याचा प्रश्नच नाही. पण शेजारच्या गावातल्या नातेवाइकाकडे फ्रीझर असतो, आणि पहिल्या दोन दिवसांत तेवढे पुरते.

वाचवणाऱ्याची काळजी

पुराच्या पाण्यात सांडपाणी आणि जनावरांचे मूत्र मिसळलेले असते. हातापायाच्या बारीक खरचटण्यातूनही लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शरीरात शिरतात. पूर ओसरल्यावर आमच्या बाह्यरुग्ण विभागात तापाचे रुग्ण वाढतात. त्यांना ‘पाण्यातून चाललात का?’ असे विचारले तर ते नाही म्हणतात. ‘घर साफ केले का?’ असे विचारले की होय म्हणतात. म्हणून रबरी हातमोजे आणि गमबूट घातल्याशिवाय कामाला हात लावू नका. धनुर्वाताची लस घेतल्याला किती वर्षे झाली ते तपासा. प्रतिबंधक गोळ्यांबद्दल आरोग्य कर्मचाऱ्यांना विचारा, मनाने घेऊ नका. साफसफाईनंतर दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत तीव्र दुखणे, लाल डोळे, कावीळ किंवा लघवी कमी होणे यांपैकी काही झाले, तर त्याच दिवशी दवाखान्यात या आणि पुराचा चिखल उपसल्याचे आवर्जून सांगा.

दुसरा धोका फुप्फुसांना. वाळलेली बुरशी निरुपद्रवी असते, असे अनेकांना वाटते. वास्तविक ती वाळल्यावरच हवेत जास्त उडते आणि मेलेले बीजाणूही दम्याचा झटका आणू शकतात. बुरशी आलेली पुस्तके घरात झटकू नका. एन-95 मास्क लावून हे काम उघड्यावर करा. नाकाला बांधलेल्या रुमालाने बीजाणू अडत नाहीत. दमा असलेल्यांनी, केमोथेरपी चालू असलेल्यांनी, अवयव प्रत्यारोपण झालेल्यांनी आणि दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्यांनी या कामापासून दूरच राहावे.

तिसरा धोका जुन्या वस्तूंमध्येच दडलेला असतो. हस्तलिखित पोथ्यांत चुकलेल्या अक्षरांवर पिवळा हरताळ लावून ती खोडत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार त्यातूनच आला. हरताळ हे आर्सेनिकचे संयुग आहे. पोथीतली लाल अक्षरे हिंगुळाची असतील तर त्यात पारा असतो. जुन्या ट्रंकांत तर कीटकनाशकांची भुकटी सर्रास टाकली जाई. म्हणून बोटाला थुंकी लावून पाने उलटू नका आणि काम झाल्यावर साबणाने हात धुवा.

घरी काय करावे

सर्वांत आधी निवड करा. सगळे वाचणार नाही. जे पुन्हा कुठेच मिळणार नाही ते आधी. छापील कादंबरी पुन्हा मिळेल, आजीच्या हस्ताक्षरातली वही मिळणार नाही. शक्य असेल त्याचा मोबाइलवर लगेच फोटो काढून ठेवा.

ओले पुस्तक उघडू नका, पिळू नका, पाने सोडवत बसू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, कणा खाली ठेवून फ्रीझरमध्ये ठेवा. नुसते दमट असेल तर उभे करून, पाने थोडी पसरवून पंख्याच्या वाऱ्याला ठेवा. कडक उन्हात मात्र नको. उन्हाने कागद वेडावाकडा होतो, रंग उडतात आणि लाकूड तडकते.

फोटो चिकटलेले असतील तर ओढू नका. स्वच्छ थंड पाण्यात थोडा वेळ ठेवले की बरेचसे आपोआप सुटतात. चित्राच्या बाजूला बोट लावू नका आणि पुसू नका. कोपऱ्याला चिमटा लावून दोरीवर सावलीत टांगा. चौकटीतला फोटो काचेला चिकटून वाळला असेल तर काचेसकट तसाच ठेवा, तो सोडवणे हे तज्ज्ञाचे काम.

पैठणी पिळू नका. स्वच्छ पाण्यातून हलकेच काढा, पांढऱ्या सुती कापडात गुंडाळून पाणी टिपा आणि सावलीत सपाट पसरा. एका साडीचा रंग दुसरीला लागतो, म्हणून त्या एकत्र ठेवू नका. पितळेचे देव साध्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करा, चिंचेने घासण्याची घाई नको. कॅनव्हासवरची चित्रे, लाकडी वस्तू आणि काचेवरचे जुने फोटो फ्रीझरमध्ये ठेवू नयेत. ब्लीचिंग पावडर फरशीसाठी आहे, कागद आणि रेशमाला ती लावू नये.

मौल्यवान वस्तू असतील तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला-संवर्धन केंद्र आहे. लखनौला याच कामासाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. इंटॅक या संस्थेचीही संवर्धन केंद्रे आहेत.

व्रण राहू द्या

दुरुस्त झालेली वस्तू नव्यासारखी दिसावी, ही अपेक्षा मात्र ठेवू नये. फ्लॉरेन्समधल्या चिमाबुए या चित्रकाराच्या तेराव्या शतकातल्या भव्य क्रूसावरचा सुमारे 60 टक्के रंग पुरात वाहून गेला. दुरुस्ती करणाऱ्यांनी हरवलेला चेहरा कल्पनेने रंगवला नाही. मोकळ्या जागी बारीक रंगरेषांचे जाळे भरले. दुरून चित्र एकसंध वाटते, जवळ गेले की मूळ कुठले आणि भर कुठली ते स्पष्ट कळते. शस्त्रक्रियेनंतर व्रण राहतो, तसे हे आहे.

जपानमध्ये 2011 च्या त्सुनामीनंतर स्वयंसेवकांनी ढिगाऱ्यातले लाखो फोटो गोळा केले, धुतले, सुकवले आणि मांडून ठेवले. ज्यांचे घरच वाहून गेले होते ती माणसे येऊन आपल्या माणसांचे चेहरे त्यांत शोधत होती. अर्धा पुसलेला फोटोही ती घेऊन जात.

पूरग्रस्तांच्या छावणीत रक्तदाब तपासताना माणसे घराबद्दल बोलतात, गुरांबद्दल बोलतात आणि मग गप्प होतात. नंतर पुष्कळदा विषय निघतो तो एखाद्या फोटोचा. झोप न येणे, छातीत धडधडणे या तक्रारींवर गोळी देता येते, पण गेलेल्या माणसाचा एकुलता एक फोटो गमावल्याचे दुःख गोळीने जात नाही. त्यामुळे यंदा मदतीला जाल तेव्हा फावडी आणि फिनेलबरोबर पांढरे सुती कापड, प्लॅस्टिकच्या पिशव्या, दोरी आणि चिमटेही न्या. आणि ढीग ट्रॅक्टरमध्ये भरण्याआधी घरातल्या सर्वांत वृद्ध व्यक्तीला एकदा विचारा, ‘यातले काय ठेवायचे?’