एचपी दुप्पट केली म्हणून वेग दुप्पट होत नाही

मालवणच्या धक्क्यावर पर्यटकांची होडी चालवणाऱ्या एका तरुणाने मला मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. मर्क्युरीचं ६०० एचपीचं आउटबोर्ड, मागे पांढऱ्या फेसाची भिंत. मग त्याने हळूच विचारलं, “माझो चाळीसचो काढून ऐंशीचो लावलंय तर होडी डबल पळतली मां?” हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की आता चीड येते. विचारणाऱ्याची नाही, त्याला ‘हो’ म्हणून कर्ज काढायला लावणाऱ्यांची.

गैरसमज: एचपी दुप्पट, तर वेग दुप्पट.

वस्तुस्थिती: मुळीच नाही. पाण्यावर उचलून धावणाऱ्या होडीच्या वेगाचा अंदाज बांधायला नौकाबांधणीत क्राउच यांचं जुनं सूत्र वापरतात. त्यानुसार वेग वाढतो तो ताकद आणि वजन यांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. म्हणजे ४० एचपीवर २५ नॉट जाणारी होडी ८० एचपीवर सुमारे ३५ नॉट जाईल, तेही वजन तेवढंच राहिलं तर. पण ते तसं राहत नाही. इंजिन जड होतं, टाकी मोठी लागते. वेग खरोखर दुप्पट हवा असेल तर ताकद चौपट लागते: १६० एचपी, आणि वजनात एका किलोचीही भर नको!

पाणी कापत जाणाऱ्या जड होडीचा हिशोब तर आणखी कडक आहे. ती जी लाट उठवते तिची लांबी वेगाबरोबर वाढते. एका वेगाला लाट होडीएवढी लांब होते, मागची बाजू खाली बसते, नाळ वर उचलली जाते आणि होडी आपणच उठवलेल्या लाटेवर चढायची धडपड करत राहते. पाण्याच्या रेषेवर २५ फूट लांब असलेल्या होडीची ही मर्यादा साधारण ६.७ नॉट येते. त्यापुढे वाढवलेल्या ताकदीतून वेग फारसा मिळत नाही, लाटाच मोठ्या होतात.

मग ६०० एचपी कशाला? अवजड, मोठ्या बोटींसाठी. अमेरिकेत अशा बोटींच्या मागे तीनशेची चार-चार, पाच-पाच इंजिनं ओळीने लावत. २०२१ साली मर्क्युरीने ७.६ लिटरचं व्ही-१२ आणलं ते हे काम कमी इंजिनांत व्हावं म्हणून. या एका इंजिनाचं वजन ५७० किलोच्या आसपास आहे, जुन्या मारुती ८०० पेक्षा थोडंच कमी. आपल्या फायबरच्या छोट्या होडीच्या पिछाडीच्या फळीवर ते टांगून पाहा, असं मी कुणाला गंमत म्हणूनही सांगणार नाही.

त्या व्हिडिओत न दिसणारी गोष्ट पाण्याखाली आहे. या इंजिनाला दोन वेगांचा स्वयंचलित गिअरबॉक्स आहे: भरलेली बोट पाण्यावर उचलताना पहिला गिअर, ती धावू लागली की दुसरा. एकामागे एक दोन पंखे उलटसुलट फिरतात. पुढच्या पंख्याने पाण्याला दिलेला पीळ मागचा उलगडतो आणि वाया जाणारी ताकद ढकलण्याच्या कामी येते. वळताना वरचं इंजिन हलत नाही, फक्त खालचं गिअरचं घर वळतं, म्हणून इंजिनं जवळजवळ बसवता येतात. सिलिंडर बारा केले आणि काम संपलं, असं झालेलं नाही. पंख्याने पाण्यात पकडलेली नाही ती ताकद कागदावरच राहते.

गैरसमज: एचपी जास्त म्हणजे इंजिनावर ताण जास्त.

वस्तुस्थिती: ताण लिटरमागे मोजा. मर्क्युरीचंच आधीचं सुपरचार्जरवालं २.६ लिटरचं इंजिन ३०० एचपी देई, म्हणजे लिटरमागे ११५. नवं व्ही-१२ सुपरचार्जरशिवाय देतं ते ७९.

गैरसमज: खरा जोर टू-स्ट्रोकचाच.

वस्तुस्थिती: एकेकाळी होता. आज मर्क्युरीचं ६००, यामाहाचं ४५०, सुझुकी आणि होंडाचं ३५०, सगळी फोर-स्ट्रोक आहेत. एव्हिनरूडची टू-स्ट्रोक इंजिनं २०२० साली बंद झाली.

गैरसमज: आउटबोर्ड डिझेलवर चालूच शकत नाही.

वस्तुस्थिती: ब्रिटनच्या कॉक्सने ३०० एचपीचं व्ही-८ डिझेल आउटबोर्ड बनवलं आहे.

गैरसमज: एवढ्या ताकदीला महागडं पेट्रोलच लागतं.

वस्तुस्थिती: ते व्ही-१२ अमेरिकेतल्या मधल्या दर्जाच्या ८९ ऑक्टेनवर चालतं. तिकडचं ८९ म्हणजे आपल्याकडच्या मोजणीने साधारण ९३-९४. सांभाळायचं ते इथेनॉल. ते पाणी ओढतं, आणि अमेरिकेत १५ टक्के इथेनॉलचं पेट्रोल बोटीत वापरायला बंदी आहे. इंजिनाच्या पुस्तकात किती टक्के चालतं ते वाचूनच टाकी भरा.

गैरसमज: फळीवर बसतं ना, मग चालतं.

वस्तुस्थिती: हा गैरसमज जिवावर बेततो. अमेरिकेत २० फुटांखालच्या आउटबोर्ड होडीवर कमाल एचपीची पट्टी कायद्यानेच लावावी लागते. तिथल्या तटरक्षक दलाच्या नियमात होडीची लांबी आणि पिछाडीची रुंदी फुटांत घेऊन गुणाकार करतात. १६ फूट लांब, साडेपाच फूट रुंद: ८८. सुकाणूचं चाक आणि पुरेशी उंच फळी असेल तर याच्या दुपटीतून ९० वजा, म्हणजे ८६, वर ओढून ९०. तीच होडी इंजिनाच्या दांड्याने वळवत असाल तर मर्यादा ५० वर येते, आणि तळ सपाट असेल तर त्याहूनही खाली. होडी तीच, पण ती आवरणारा हात बदलला की आकडा बदलतो.

त्या तरुणाला मी एवढंच सांगितलं: आधी तळ खरवडून काढ, शेवाळ आणि शिंपले वेग खातात. तळात साचलेलं पाणी उपस. मग भरल्या होडीने पूर्ण थ्रॉटल देऊन आरपीएम बघ. पुस्तकात दिलेल्या पट्ट्यापर्यंत पोचत नसेल तर पंख्याची पिच, म्हणजे एका फेरीत पुढे सरकण्याचं अंतर, जास्त आहे. पिच एक इंच कमी केली की साधारण दीडशे-दोनशे आरपीएम वाढतात. आणि असा कमी पिचचा पंखा नव्या इंजिनाच्या कर्जाच्या मानाने फारच स्वस्त पडतो.