घर चाकांवर, तळ जमिनीवर
लेखमाला : चाकांवरचं बिऱ्हाड – भाग ६

गेल्या आठवड्यात आपण मोटरहोमच्या आत डोकावलो. झोपायच्या फळ्या, स्वयंपाकाचा ओटा, स्वच्छ पाण्याची टाकी, सांडपाण्याची वेगळी आणि मैल्याची त्याहूनही वेगळी. या भागात गाडीतून खाली उतरायचं आहे. अशा प्रवासाबद्दल आपल्याकडे बोललं जातं ते बहुतेक गाडीबद्दलच : भाडं किती, एसी कितपत चालतो, माणसं किती मावतात. रात्री ती उभी कुठे करायची, हे सगळ्यात शेवटी विचारलं जातं आणि ‘बघू, मिळेल कुठेतरी’ यावर संपतं. खरं तर सुरुवात तिथून व्हायला हवी. मुक्कामाची सोय असेल, तर मोटरहोमचा खरा उपयोग मुंबई-पुण्याजवळच्या रिसॉर्टांपाशी नाही, बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात आहे. ती नसेल तर सगळ्यात जास्त नुकसानही अशाच जिल्ह्याचं होईल. हे दोन्ही कसं, ते आज पाहू.

बुलढाणा जिल्ह्याचे तेरा तालुके माणसं बोलताना दोन भागांत वाटतात : घाटाखालचे आणि घाटावरचे. घाटाखाली पूर्णेचं खोरं आहे आणि मुंबई-हावडा रेल्वेमार्ग आहे. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही त्याच मार्गावरची स्टेशनं, आणि खामगावला जलंबहून फाटा जातो. घाटावर अजिंठ्याच्या रांगेचं पठार. बुलढाणा, चिखली, मेहकर, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, लोणार ही गावं तिथे आहेत आणि त्यांतल्या एकाही गावाला रेल्वे नाही, जिल्ह्याच्या मुख्यालयालाही नाही. खामगाव-जालना मार्गाची मागणी इंग्रजांच्या काळापासून चालत आली आहे. आता गंमत अशी की बघण्यासारखं जे आहे त्यातलं बरंचसं याच रेल्वे नसलेल्या अर्ध्या भागात आहे, आणि तेही एका जागी नाही. सिंदखेडला जिजाऊंचं जन्मस्थान असलेला राजवाडा, १६२९ मध्ये देवगिरीवर दगा होऊन मारले गेलेल्या लखुजी जाधवांची भव्य समाधी, नीलकंठेश्वर आणि मोती तलाव. मेहकरला १८८८ मध्ये सापडलेली शारंगधर बालाजीची काळ्या पाषाणाची उंच मूर्ती. साखरखेर्ड्याला ती रणभूमी, जिथे १७२४ मध्ये निजाम-उल-मुल्कने मुबारिझखानाला हरवलं आणि दख्खन दिल्लीच्या हातून जवळपास सुटलं. बुलढाण्याजवळच्या डोंगरांत पैनगंगेचा उगम आहे, आणि त्याच डोंगरांत ज्ञानगंगा अभयारण्य. २०१९ मध्ये टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ शेकडो किलोमीटर चालून इथे येऊन राहिला. या जिल्ह्यात येऊन मुक्काम करणारा अलीकडचा सर्वांत प्रसिद्ध पाहुणा तोच असावा.

माणसं मात्र राहत नाहीत, आणि याचं सर्वांत ठळक उदाहरण लोणार. बेसाल्ट खडकात उल्का आदळून तयार झालेली विवरं पृथ्वीवर अगदी मोजकी आहेत, आणि त्यांत हे सर्वांत उत्तम टिकलेलं. व्यास सुमारे १.८ किलोमीटर, काठापासून तळ्यापर्यंतची खोली सुमारे १३७ मीटर. त्याच्या वयाबद्दल शास्त्रज्ञांचे आकडे एकमेकांपासून फार दूर आहेत : एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षं निघतात, तर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन पद्धतीच्या मापनातून ५ लाख ७० हजारांच्या आसपास. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा ते देशभर गाजलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचं कारण खारट पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव असल्याचं दाखवलं. त्याच वर्षी तळ्याला रामसर दर्जा मिळाला. एवढं सगळं असलेल्या ठिकाणी बहुतेक पर्यटक काय करतो? छत्रपती संभाजीनगरहून सकाळी निघतो, ऊन डोक्यावर असताना काठावर पोचतो, वरून फोटो घेतो, झऱ्याच्या धारेवर पाय धुतो, जमलं तर गावातलं दैत्यसूदनाचं मंदिर पाहतो आणि परततो. विवर मात्र दुपारी बघायची गोष्ट नाही. सकाळी आणि तिन्हीसांजेला तिरप्या उन्हात त्याच्या कडेचे थर उठून दिसतात, पक्षी तेव्हाच हलतात, आणि खाली उतरून कमळजा देवीपर्यंत आणि काठाकाठाच्या पडझड झालेल्या देवळांपर्यंत जाऊन वर चढून यायला अर्धा दिवस लागतो. म्हणजे लोणार नीट पाहायचं तर आदल्या रात्री तिथे असायला हवं. सिंदखेडचंही तसंच. राजवाड्याचा दरवाजा वीस मिनिटांत पाहून होतो. गाव, बारव, तलाव आणि समाधी यांचा एकमेकांशी असलेला संबंध लक्षात यायला एक निवांत संध्याकाळ लागते.

कुणी म्हणेल, लोक राहत नाहीत कारण त्यांना राहण्याजोगं वाटत नाही. हे खोटं ठरवायला जिल्ह्याबाहेर जावं लागत नाही. शेगावला लोक राहतात, आणि मोठ्या संख्येने राहतात. श्रद्धा हे त्याचं मूळ कारण, यात वाद नाही. पण श्रद्धा माणसाला दर्शनापर्यंत आणते; रात्र काढायला लावतात ती गजानन महाराज संस्थानची स्वच्छ, परवडणारी भक्तनिवासं, वेळेवर मिळणारा महाप्रसाद आणि सेवेकऱ्यांची शिस्त. बायका-मुलांना, म्हाताऱ्या माणसांना घेऊन रात्री उशिरा उतरलं तरी आपली आबाळ होणार नाही, हा भरवसा शेगावने कमावला आहे. घाटावर तो भरवसा नाही, आणि सहा-सात विखुरलेल्या गावांत प्रत्येकी चांगलं हॉटेल उभं राहील एवढी रोजची गिऱ्हाइकंही नाहीत. गिऱ्हाईक नाही म्हणून खोली नाही, खोली नाही म्हणून गिऱ्हाईक नाही. हा फेरा मोटरहोम तोडू शकतं, कारण खोली ते स्वतःच आणतं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं, म्हणून त्याला गावात धर्मशाळा आहे का ते विचारावं लागत नाही. आज सिंदखेड, उद्या मेहकर, परवा लोणार असा मुक्काम हलवणाऱ्याला हे तर फारच सोयीचं.

पण मोटरहोम खोली आणतं, जमीन आणत नाही. सपाट, निचरा होणारी जागा, प्यायचं पाणी, विजेची जोडणी आणि मैला रिकामा करायची सोय या चार गोष्टी त्याला गावाकडूनच घ्याव्या लागतात. याचा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. शेगावहून पंढरपूरला निघणारी गजानन महाराजांची पालखी महिनाभर चालते, आणि वारीतल्या कोणत्याही मोठ्या दिंडीमागे राहुट्या, शिधा, भांडी आणि गॅस वाहणारा ट्रक असतो, पाण्याचा टँकर असतो. चाकांवरचा संसारच तो. ट्रक कोणता, यावर वारीत कुणी चर्चा करत नाही. तळ कुठे पडणार, तिथे पाणी आहे का, पावसाने चिखल झाला तर काय, हीच चर्चा असते. आणि वारीतला सर्वांत अवघड प्रश्न शौचालयांचाच ठरला. फिरती शौचालयं आणून निर्मल वारीचा प्रयत्न करावा लागला तो त्यापायीच. जिल्ह्यातच सैलानीच्या यात्रेला होळीच्या सुमारास माणसं टेम्पो-ट्रॅक्टरने येतात आणि माळावर पालं ठोकून राहतात. तिथेही यंत्रणेचा जीव पाणी आणि स्वच्छता या दोन गोष्टींतच अडकलेला असतो. रस्त्यावर राहण्याची सवय आपल्या लोकांना भरपूर आहे. कमी आहे ती बारा महिने चालणाऱ्या तळाची.

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हान पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात वाहनं आणि कॅराव्हान पार्क या दोन्हींसाठी सवलती आहेत, आणि दिशा योग्यच आहे. माझी शंका ‘पार्क’ या कल्पनेबद्दल आहे. सवलत देऊन उद्योजकाने पार्क काढावं असं म्हटलं, की ते धरणाकाठी किंवा घाटमाथ्यावर, बागबगीचा आणि उपाहारगृह असलेलं, म्हणजे थोडक्यात खोल्यांऐवजी गाड्या लावायचं रिसॉर्ट होतं. ते मेहकरला कुणी का काढेल? फ्रान्स-जर्मनीत या प्रवासाचा कणा अशा पार्कांवर उभा राहिलेला नाही. तिथे शेकडो छोट्या गावांच्या नगरपालिकांनी आठ-दहा गाड्यांपुरती फरसबंद जागा, एक नळ, विजेचा खांब आणि मैला ओतायचं झाकणबंद तोंड एवढीच सोय केली. काही ठिकाणी रात्रीचं थोडं शुल्क, काही ठिकाणी तेही नाही. गावाचा हिशेब सरळ होता : माणूस रात्री राहिला तर सकाळी पाव आणि भाजी इथूनच घेईल. आपल्या नगरपालिकांना आणि नगरपंचायतींना एवढं जमण्यासारखं आहे. आठवडी बाजाराची जागा आठवड्यातले सहा दिवस मोकळी असते, तिचा एक कोपराही पुरेल.

आता आक्षेप. पहिला आणि सगळ्यात रास्त आक्षेप पैशांचा : मोटरहोमचं दिवसाचं भाडं मध्यमवर्गीय कुटुंबाच्या सहलीच्या हिशेबात बसत नाही, मग मूठभर श्रीमंतांसाठी गावाने जागा का द्यावी? स्वतःची जुनी गाडी गॅरेजमध्ये नेऊन घर करून घ्यावी, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली तिच्या मूळ रचनेत हवे तसे बदल करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. म्हणजे हा शौक बराच काळ महागच राहणार, हे मान्य. पण तळ फक्त मोटरहोमसाठी असावा असं कुणी सांगितलं? जिजाऊंच्या जयंतीला, १२ जानेवारीला, सिंदखेडला राज्यभरातून येणाऱ्या गाड्या, शाळेच्या सहलीची एसटी, टेम्पो ट्रॅव्हलरमधून अष्टविनायक करून शेगावला निघालेली चार कुटुंबं, अंगणात तंबू लावणारे कॉलेजचे विद्यार्थी या सगळ्यांना सपाट जागा, नळ आणि स्वच्छ संडास हवाच असतो. गावाने तळ या सगळ्यांसाठी बांधावा आणि मोटरहोमवाल्याकडून त्याचं जास्त शुल्क घ्यावं.

दुसरा आक्षेप स्थानिक लॉजवाल्यांचा : येणारा पाहुणा पलंगही स्वतःचा आणणार आणि डाळ-तांदूळही, मग आम्हाला काय मिळणार? यात तथ्य आहे, ते झाकण्यात अर्थ नाही. गाडीतून न उतरणारा प्रवासी गावाला फार काही देत नाही. पण तुलना करायची ती दोन रात्री लॉजवर राहणाऱ्या पाहुण्याशी नव्हे. तो घाटावर आजही फारसा येत नाही. तुलना त्या माणसाशी हवी जो दुपारी दोन तास थांबून जातो, किंवा थांबतच नाही. समृद्धी महामार्गाचा सुमारे ८७ किलोमीटरचा पट्टा या जिल्ह्यातून जातो, आणि ५ जून २०२५ ला शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून नागपूर ते मुंबईजवळचं आमणे हा ७०१ किलोमीटरचा रस्ता सलग झाला आहे. मेहकर आणि सिंदखेड राजा आता लाखो प्रवाशांच्या वाटेवर आहेत आणि त्यांच्या दृष्टीने त्या केवळ पाट्या आहेत. याच रस्त्यावर सिंदखेड राजाजवळ १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर खासगी बस पेटून २५ माणसं गेली. त्या अपघाताची कारणं हा वेगळा विषय. पण एवढा लांब, सरळ रस्ता रात्रीतच कापायची गरज न उरणं, वाटेत उतरून झोपता येणं, ही पर्यटनापलीकडचीही गरज आहे.

हवामानाबद्दलचा आक्षेप मात्र मी निम्मा मान्य करतो. एप्रिल-मे महिन्यात विदर्भात पत्र्याच्या गाडीत झोपणं एसीशिवाय अशक्य, आणि एसीसाठी रात्रभर इंजिन चालू ठेवणं शेजाऱ्यांना छळणं आहे. हा प्रवास पावसाळ्याच्या शेवटापासून होळीपर्यंतचाच समजावा.

राहिला सर्वांत गंभीर मुद्दा, आणि तो पुन्हा लोणारचा. त्या विवरातून पाणी बाहेर पडायला वाट नाही. वरून जे जाईल ते तळ्यातच साठतं. त्याचा खारेपणा आणि त्यातलं विलक्षण सूक्ष्मजीवन या बंदपणातूनच आलं आहे. गावाचं सांडपाणी तळ्यात उतरण्याचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत जाऊन आलेला आहे. अशा जागी काठावर मोटरहोमं उभी राहू दिली, तर सूर्योदयाचं दृश्य खिडकीतून मिळेल आणि टाकी रात्री कुणी पाहत नसताना उतारावर रिकामी होईल. न्यूझीलंडने हे भोगलं आहे. तिथे हवं तिथे मुक्काम करायच्या मोकळिकीतून इतकी घाण झाली की २०११ मध्ये कायदा करावा लागला, आणि २०२३ मध्ये गाडीत पक्का बसवलेला संडास असेल तरच ती ‘स्वयंपूर्ण’ मानायची असं ठरलं. लोणारला नियम त्याहून कडक हवा : काठावर रात्री एकही गाडी नको. दैत्यसूदनासारख्या केंद्रसंरक्षित स्मारकांभोवती १०० मीटरपर्यंत नवी इमारत बांधणं तसंही सहसा वर्ज्य आहे. तळ गावाच्या अशा बाजूला हवा जिथून पाणी विवराकडे उतरत नाही, आणि तिथून काठापर्यंत सकाळी चालत किंवा सायकलने जावं.

मैला ओतायचं तोंड बांधलं की काम झालं असंही नाही. तिथला मैला उपसून न्यायचा कुठे? राज्यात वाई आणि सिन्नर या दोन गावांनी घरोघरच्या सेप्टिक टाक्या ठरल्या वेळी उपसून त्या मैल्यावर प्रक्रिया करायची व्यवस्था उभी केली आहे. ती मोटरहोमसाठी नव्हती, गावासाठी होती. घाटावरच्या गावांना ती तशीही लागणारच आहे, आणि ती झाली तर दहा गाड्यांच्या टाक्या तिच्यात सहज सामावतील. घाटाखाली अडचण उलटी आहे : मैल्याआधी पाणी. पूर्णेकाठचा बराच भाग खारपाणपट्ट्यात येतो, तिथे बोअर मारली तर पाणी लागतं पण ते पिता येत नाही. म्हणून शेगाव-संग्रामपूरकडे तळ काढताना नळयोजनेचं पाणी कितीसं पुरतं ते आधी मोजावं लागेल, आणि उन्हाळ्यात गावाला टँकर लागत असेल तेव्हा तळाचा नळ बंद ठेवावा लागेल. पुढच्या भागात याच हिशेबाकडे वळू : एका मोटरहोमला दिवसाला पाणी किती लागतं आणि ते कसं कमी करता येतं.